वाचक विचारतात : वजन घटले, तरी नोंद कशासाठी?

प्रश्न : मी विमान देखभाल अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून सध्या एका हँगरात प्रशिक्षण घेत आहे. तेथे एका चार आसनी प्रशिक्षण विमानाच्या पॅनेलमधून जुना रेडिओ संच काढला आणि शेपटीच्या भागात नवा ईएलटी (अपघात झाल्यास विमानाचे ठिकाण कळवणारा आपत्कालीन प्रेषक) बसवला. एकूण वजन ४ किलोंनी कमी झाले. तरीही वरिष्ठांनी वजन-तोलाचा कागद नव्याने करायला लावला. वजन घटलेले असताना हा खटाटोप कशासाठी? – एक प्रशिक्षणार्थी, नागपूर

उत्तर : वजन घटले हे खरे, पण ते कोठून घटले आणि कोठे वाढले, हे आपण प्रश्नात सांगितले असूनही हिशेबात धरलेले नाही. विमानावर एक संदर्भरेषा ठरवलेली असते, तिला डेटम म्हणतात. सेसना १७२ मध्ये ती इंजिनामागच्या फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि कॅबिन यांमधल्या अग्निरोधक भिंतीच्या, पुढच्या बाजूला आहे. या रेषेपासून वस्तूपर्यंतचे आडवे अंतर म्हणजे आर्म, आणि वजन गुणिले आर्म म्हणजे मोमेंट. सगळ्या मोमेंटांच्या बेरजेला एकूण वजनाने भागले की गुरुत्वमध्य, म्हणजे हँगरातल्या बोलीतला सीजी, मिळतो.

आता आकडे घालून पाहू. ते उदाहरणापुरते आहेत. विमानाचे रिकामे वजन ७५४ किलो आणि सीजी डेटमच्या मागे ९७.२ सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर एकूण मोमेंट सुमारे ७३३ किलोग्रॅम-मीटर होतो. काढलेला रेडिओ ६ किलोंचा आणि ०.४ मीटरवर होता, म्हणून २.४ वजा करायचे. बसवलेला ईएलटी अवघा २ किलोंचा आहे, पण तो २.९ मीटरवर असल्याने ५.८ मिळवायचे. वजन ७५० किलोंवर आले, मोमेंट मात्र ७३६.४ झाला, आणि भागाकार ९८.२ सेंटिमीटर निघाला. विमान हलके झाले आणि त्याच वेळी सीजी १ सेंटिमीटर मागे सरकला.

एका सेंटिमीटरने विमान पडत नाही. परंतु सेसना १७२ एस या मॉडेलची नॉर्मल कॅटेगरीतील मर्यादा पाहिली, तर सीजीची पुढची सीमा वजनानुसार डेटमच्या मागे ३५ इंचांपासून ४१ इंचांपर्यंत सरकते, मागची सीमा मात्र कोणत्याही वजनाला ४७.३ इंचच (सुमारे १२० सेंटिमीटर) राहते. मागच्या आसनांवर दोन धिप्पाड प्रवासी आणि सामानाच्या कप्प्यात बॅगा असताना विमान याच मागच्या सीमेकडे सरकत असते. पुढच्या सीमेबाहेर गेलेले विमान उतरताना नाक वर घ्यायला जड जाते, तर मागच्या सीमेबाहेर गेलेल्या विमानाची स्थिरता कमी होते आणि स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल अचानक घटण्याच्या स्थितीत, गेल्यावर त्याचे नाक खाली आणणे कठीण होऊन बसते. दुसरा दोष अधिक घातक आहे. वैमानिक उड्डाणापूर्वी जो हिशेब मांडतो, त्याची पहिली ओळ म्हणजे आपण सही केलेले रिकामे वजन आणि त्याचा मोमेंट. ती ओळ चुकली, तर त्याने पुढचे सारे बिनचूक केले तरी उत्तर चुकीचेच येते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे विमानात प्रत्यक्ष बसवलेल्या उपकरणांची यादी. बदल केलेल्या दिवशीच ती दुरुस्त केली नाही, तर काही वर्षांनी कोणता संच कधी निघाला हे कोणालाच सांगता येत नाही आणि विमान पुन्हा काट्यावर चढवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

प्रश्न : वजन करताना हँगरची दारे बंद करतात, पंखेही थांबवतात आणि ब्रेक सोडून ठेवतात. हे नियम खरोखर आवश्यक आहेत की केवळ रूढ झालेले? – एक तंत्रज्ञ, पुणे

उत्तर : तिन्ही आवश्यक आहेत. विमानाच्या पंखांवरून साधी झुळूक गेली तरी थोडी उचल निर्माण होते आणि काटा कमी वजन दाखवतो. प्लॅटफॉर्म काट्यावर ब्रेक लावलेले असले, तर चाके आडवा ताण धरून बसतात आणि वाचन बिघडते, म्हणून ब्रेक सोडून चाकांना चॉक (अडवणीचे ठोकळे) लावावेत. ते काट्यावर असतील, तर त्यांचे वजन शेवटी वजा करावे.

चूक अधिक वेळा होते ती विमान समतल करण्यात. सेसना १७२ च्या शेपटीच्या डाव्या बाजूला त्यासाठी दोन स्क्रू असतात. त्यांवर स्पिरिट लेव्हल टेकवून, नाकाच्या चाकातील हवा कमी करून किंवा पुढचा स्ट्रट, म्हणजे त्या चाकाचा धक्के शोषणारा दांडा, वर-खाली करून बुडबुडा मध्यावर आणावा लागतो. नाक किंचित वर राहिले, तरी भार मागच्या चाकांकडे सरकतो आणि मोजलेली अंतरेही फसवी ठरतात. नंतर फायरवॉलपासून ओळंबा सोडून, दोन्ही मुख्य चाकांच्या मध्यांमध्ये ताणलेल्या दोरीपर्यंतचे अंतर विमानाच्या मध्यरेषेला धरून मोजावे. आसने अगदी पुढच्या खाचेत, फ्लॅप वर आणि इतर नियंत्रण पृष्ठे मध्यस्थितीत असावीत. टाकीतले इंधन पूर्ण काढले, तरी वापरता न येणारे इंधन उरते. ते रिकाम्या वजनातच धरले जाते. भरलेल्या टाकीने वजन करायचे ठरले, तर इंधनाची घनता प्रत्यक्ष मोजून घ्यावी, कारण तापमानानुसार ती बदलते. अ‍ॅव्हगॅससाठी लिटरला ०.७२ किलो हा आकडा केवळ ढोबळ आहे.

प्रश्न : प्रवासी विमानाचा तोल सांभाळणे हे लोड शीट (विमानातील भाराचा तक्ता) करणाऱ्यांचे आणि वैमानिकाचे काम. मग देखभाल तंत्रज्ञाला त्याचे इतके धडे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट विमानतळावरून उड्डाण करताच एअर मिडवेस्टचे बीच १९००डी विमान कोसळले आणि त्यातील २१ जण मृत्युमुखी पडले. दोन रात्री आधी झालेल्या देखभालीत एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरील हलत्या पृष्ठाच्या, केबलचे टर्नबकल (केबलची लांबी आणि ताण जुळवणारे फिरकीचे जोड) चुकीचे जुळवले गेले होते. त्यामुळे नाक खाली आणण्यासाठी लागणारी एलिव्हेटरची हालचाल जवळपास निम्मीच उरली होती. जुळवणीच्या कार्यपद्धतीतल्या काही पायऱ्या गाळल्या गेल्या होत्या, आणि पूर्ण हालचाल तपासून पाहिली गेली नव्हती. तरीही मधल्या फेऱ्या सुरळीत पार पडल्या, कारण त्या फेऱ्यांत उरलेल्या हालचालीवर भागले. अपघाताच्या दिवशी मात्र विमान प्रत्यक्षात जड होते आणि सीजी मागच्या मर्यादेच्याही बराच मागे होता. कंपनीने मंजूर सरासरी वजने वापरून हिशेब केला होता, त्यामुळे कागदावर सारे मर्यादेत दिसत होते. नाक वर उठले आणि ते खाली आणायला एलिव्हेटर पुरले नाही. यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने प्रवाशांची आणि सामानाची सरासरी वजने वाढवली.

म्हणून आपण म्हणता तशी कामाची विभागणी कागदावर ठीक आहे. सीजीची मर्यादा आखली जाते ती एलिव्हेटर पूर्ण हलते असे गृहीत धरून, आणि ते पूर्ण हलते की नाही हे हँगरातच ठरते.

प्रश्न : एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते पृष्ठ) रंगवल्यावर त्याचा तोल तपासतात. तो याच हिशेबाचा भाग आहे का? – एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. तेथे त्या पृष्ठाचा त्याच्या स्वतःच्या बिजागरीभोवतीचा तोल पाहिला जातो. बिजागरीमागचे वजन वाढले, तर विशिष्ट वेगाला ते पृष्ठ थरथरू लागते, आणि या फ्लटरने पंखही मोडू शकतो. जुना रंग न खरवडता त्यावर नवा थर देणे म्हणूनच धोक्याचे आहे. संपूर्ण विमान रंगवल्यास मात्र रिकामे वजनही बदलते, आणि ते पुन्हा काट्यावर घेऊनच नोंदवावे.