रिक्षाचे धक्के आणि आखाजीचा झोका

एप्रिल संपत आला की जळगावच्या माझ्या उपचाराच्या खोलीत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वेदच्या आईच्या तोंडी होतं. "मॅडम, लोकं सुट्टीची वाट बघतात, मी शाळा उघडायची बघते. सांगायलाही लाज वाटते."

वेद (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) तेव्हा सात वर्षांचा. ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान चौथ्या वर्षीच झालेलं. बोलतो, वाचतो, पाढे तर माझ्यापेक्षा बरे म्हणतो. पण मिक्सर लागला की कान दाबून घराबाहेर पळतो, कॉलरचं लेबल टोचलं की शर्टच फाडतो. आईचा प्रश्न निदानाचा नव्हताच. "शाळेत बाईंची एक तक्रार नाही. सुट्टी लागून चार दिवस झाले की सोफ्यावरून उड्या, भिंतीला धडका, रात्री बारापर्यंत टक्क जागा. शाळेत शहाणा आणि माझ्यापुढेच असा का? माझंच चुकतंय का?"

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात आणि दर दिवाळीत विचारला जातो. मी तिला वेदचा शाळेचा दिवस उठल्यापासून सांगायला लावला. साडेसहाला रिक्षा. आठ पोरं कोंबलेली, वेद कडेला दाबून बसलेला. वीस मिनिटं जायला, वीस यायला. पाठीवर दप्तर, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. प्रार्थनेला दोन्ही तळवे एकमेकांवर गच्च. पस्तीस मिनिटांनी घंटा, मग डबा, पुन्हा घंटा.

सांगता सांगता ती थांबली. "म्हणजे रिक्षाचे धक्के?"

हो, तेही. जळगावच्या रस्त्यांनी कुणाचं भलं केलं असेल तर या पोराचं. आपल्याला पाच इंद्रियं शिकवलेली असतात, पण शरीराचा तोल सांगणारं एक इंद्रिय कानाच्या आत असतं आणि हातपाय कुठे आहेत, किती जोर लागतोय हे सांगणारं एक स्नायू-सांध्यांत असतं. काही मुलांच्या मेंदूला ही खबर भरपूर लागते, तेव्हा कुठे ती जागेवर ठरतात. शाळा ती खबर न मागता पुरवत होती. शिवाय पुढे काय होणार, हे घंटेनं सांगितलेलं असायचं. सुट्टीत हे सगळं एका दिवसात काढून घेतलं जातं. मग पोरगं धडका मारून, उड्या मारून ती खबर स्वतःच मिळवतं. आणि दिवसभर बाहेर जे सांभाळून धरलेलं असतं, ते आईपुढेच सुटतं, कारण तिथेच सुटायची सोय असते.

इथवर माझं बरोबर होतं. पुढे चुकलं.

मी तिला रंगीत वेळापत्रक करून दिलं. अर्ध्या अर्ध्या तासाचे चौदा चौकोन, प्रत्येकात चित्र. तिने ते फ्रीजवर लावलं. चौथ्या दिवशी फोन. साडेअकराला 'चित्रकला' होती, नेमके तेव्हाच घरात पाहुणे आले. पावणेबाराला वेद फ्रीजला डोकं आपटत होता. "मॅडम, तो तुमच्या कागदावर चालायला लागला. मीच चालू शकत नाही." शाळेत त्या चौकोनांमागे पाच बाया, एक शिपाई आणि एक घंटा असते. मी तो सगळा भार स्वयंपाकघरातल्या एका बाईवर टाकला होता.

कागद काढून टाकला आणि दिवसाला तीनच खुंट्या ठोकल्या. सकाळी साडेसहाला कूलर भरायचा: अंगणातल्या नळावरून अर्धी अर्धी बादली, आठ खेपा, दोन्ही हातांनी धरून. साडेबाराला त्याच ताटात, त्याच जागी जेवण आणि मग पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत तास-दीड तास. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर पाणी मारून अंथरुणं टाकणं. मधला वेळ मोकळा. पाहुणे येवोत, वीज जावो, खुंटी अर्धा तास मागेपुढे झाली तरी निघत नाही. बदल होणार असेल तर तो आदल्या रात्री सांगायचा आणि सकाळी पुन्हा एकदा.

कूलरवरून आठवलं. वीज गेली की वेद ओरडायचा, घरच्यांना वाटायचं उकाड्यानं. तो तर कूलरला पाठ लावून बसणारा. मिक्सर अचानक किंचाळतो, कूलर एका सुरात घरघरतो. त्या घरघरीखाली रस्त्यावरचे हॉर्न, शेजारची भांडी, सगळं झाकलं जायचं. वीज गेली की ते एकदम अंगावर यायचं. चार्जिंगचा छोटा पंखा कानाशी ठेवला आणि ओरडणं निम्म्यावर आलं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट मी प्रत्येक आईला बजावते. यातल्या बऱ्याच मुलांना तहान लागल्याचं कळतच नाही. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा 'मागेल तेव्हा देऊ' चालत नाही. घड्याळ लावून, तासातासाला, त्याच्याच ग्लासात पाणी. लघवी गडद किंवा कमी होतेय का बघायचं. मूल मलूल पडलं, अंग तापलं, बरळायला लागलं तर डॉक्टर गाठायचा. त्याला 'याचं नेहमीचंच' समजायचं नाही.

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या वर्षी १० मेला होती, शुक्रवारी. खान्देशात सासुरवाशीण आखाजीला माहेरी जाणार नाही असं होत नाही, आणि वेदच्या आईचं माहेर अमळनेरजवळच्या खेड्यात. तीन मावश्या, अकरा पोरं, अंगणातल्या निंबाला झोका, आणि भेटेल तो गालगुच्चा घेणार. "जाऊच नको का?" तिने विचारलं. मी म्हटलं, जा, पण पळवाट आधी ठरवून जा.

आईने बहिणीकडून फोटो मागवले: दार, निंब, झोका, मोरी, निजायची जागा. रोज रात्री ते दाखवून 'इथे दहा रात्री' एवढंच सांगायचं. घर धाब्याचं. जाड मातीच्या भिंतींची, धान्याच्या कोठीची एक आतली खोली होती, थंड आणि अंधारी. ती वेदची. तिथे आजीची चार पदरी जड गोधडी. आणि एक लाल टोपी: ती डोक्यावर चढली की काही न विचारता त्याला आत न्यायचं. गर्दी वाढली की या मुलांचे शब्द आधी संपतात. टोपीला शब्द लागत नाहीत.

आजीशी मी फोनवर बोलले. म्हटलं, हलका हात, गोंजारणं त्याला मुंगी चालल्यासारखं टोचतं. आधी विचारायचं आणि मग तळहातावर तळहात घट्ट दाबायचा. म्हातारी क्षणभर गप्प. "मना नातूले मी हात बी नको लावू का?" दोन दिवसांनी तिने स्वतःच शोध लावला: पायाला तेल घट्ट चोळलं की वेद डोळे मिटतो. माझ्या यादीत हे नव्हतं.

घोळ झाला तो ९ तारखेला. जळगावला १३ मेला लोकसभेचं मतदान, प्रचाराच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या. दुपारी भोंग्याची गाडी थेट ओट्यासमोर थांबली. वेद जमिनीवर पडला, हातपाय झाडायला लागला. टोपी घरात राहिलेली. मामा म्हणाले, "लाडावलाय, दोन ठेवून दे." आईने उत्तर दिलं नाही. त्याला मागून घट्ट धरून आत नेलं, गोधडी टाकली आणि बोलली नाही, हेच मोठं काम. 'काय झालं, बघ तो दादा घाबरत नाहीये' असली वाक्यं त्या क्षणी आणखी एक भोंगा होतात. वीस मिनिटांनी तो उठून पाणी प्यायला.

मामांनी नंतर फोनवर मला विचारलं, "हे असं कुठे लिहिलंय?" मी सांगितलं, २०१३ सालापासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आवाज-स्पर्शाची ही तीव्रता धरलेली आहे. हट्ट आणि हे ओळखायची माझी साधी खूण अशी: हट्ट करणारं पोर अधूनमधून आपल्याकडे बघतं आणि हवं ते दिलं की थांबतं. इथे द्यायला काहीच नसतं. मामा 'असेल' म्हणाले. अजूनही त्यांना लाडावलेलाच वाटतो.

झोक्याचं तंत्र पोरांनीच उघड केलं. मावसभावांनी दोराला पीळ देऊन वेदला गरगर फिरवलं, तो तासभर कुणाला आवरेना. मागेपुढे संथ झोका बहुतेकांना निववतो, गरगर फिरणं चेतवतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला, गाणी म्हणायला बाया जमायच्या आत, झोका एकट्या वेदचा. जेवणात आमरसातला धागा जिभेला लागला की ओकारी, म्हणून रस गाळून. मांडे त्याने तोंडात घातले नाहीत, पण आजी मनगटांवर पोळी फिरवत मोठी करते आणि खापरावर टाकते ते अर्धा तास हलला नाही. एवढं पुरे, आग्रह नको.

आखाजीनंतर कुरडया निघाल्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजत होता. वेदने एक बोट लावलं आणि चिकट म्हणून हात फ्रॉकला, म्हणजे मावसबहिणीच्या, पुसला. मावशी म्हणाली, तू नको लावू, तू फिरव. चीक तिने भरला आणि पितळी सोऱ्याची मूठ वेदकडे दिली. गरम चीक जोर मागतो. दोन्ही हात, खांदे, ओठ दाबलेले, खाली खाटेवरच्या कपड्यावर तारांची वेटोळी. त्याने सतरा कुरडया पाडल्या, प्रत्येक मोजून. त्या रात्री नऊला झोपला. अशा कामाला आमच्याकडे उपचाराचं नाव आहे आणि बाहेर त्याची फी पडते. घरात बादली, कणीक, उसाची मोळी, सोऱ्या असतो. मात्र मूल स्वतःला इजा करत असेल, खाणं-झोप तुटली असेल, तर व्यवसायोपचारतज्ज्ञाला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) दाखवायलाच हवं. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. शाळेत किंवा सरकारी दवाखान्यात विचारा.

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडे ओढली. गणवेश तीनदा धुऊन मऊ केला, मोजे उलटे घातले, शिवण बाहेर. रिक्षावाल्या काकांना वेदची कडेची जागा राखून ठेवायला सांगितली.

ऑक्टोबरात आईचा मेसेज आला. "दिवाळीला माहेरी चाललो. टोपी घेतलीय, फटाक्यांसाठी आतली खोली ठरलीय. आईने चकल्यांसाठी सोऱ्या माळ्यावरून काढला आणि विचारतेय, वेद किती तारखेला येतोय."