चिऊ, तिला मी आई होण्याआधी पाहिले होते

प्रिय चिऊ,

गेल्या शनिवारी तू मैत्रिणीकडे ‘मैंने प्यार किया’ बघून आलीस आणि रात्री माझ्याबरोबर भांडी पुसताना सहज विचारलेस, “आई, तू जिचं एवढं कौतुक करतेस ती रीमा लागू तर सगळीकडे कुणाची तरी आईच असते. मराठी बायकांना तेवढंच करायला मिळतं, की त्यांना तेवढंच येतं?” मी काहीतरी तुटक बोलले आणि तू फडके ओट्यावर ठेवून वर निघून गेलीस. उद्धटपणा तुझ्या प्रश्नात नव्हता, तो माझ्या उत्तरात होता. तेव्हापासून ते मला टोचते आहे, म्हणून लिहायला बसले. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. दोन-तीन दिवसांत, जमेल तसे वाचलेस तरी चालेल.

तुझे निरीक्षण चुकले असे म्हणायची सोय मला नाही. रीमाचा जन्म २१ जून १९५८ चा. १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’मध्ये ती जुही चावलाची आई झाली तेव्हा तिला ३० वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. तू पाहिलास त्या चित्रपटातला सलमान खान तिच्याहून साडेसात वर्षांनीच लहान आहे, आणि ‘वास्तव’मध्ये तिचा मुलगा झालेला संजय दत्त तर जेमतेम १३ महिन्यांनी. श्रीदेवी, माधुरी, ऊर्मिला, काजोल, शाहरुख अशी एकामागून एक मुले हिंदी सिनेमाने तिच्या ओटीत घातली आणि तिने ती सगळी नीट सांभाळली. तेव्हा आईच्या भूमिका मोजायला बसलीस तर तू बरोबरच आहेस. पण मी तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती कुणाचीच आई नव्हती, आणि ते पाहिलेले तुला कसे दाखवावे हे मला कळत नाही, ही माझी खरी अडचण आहे.

१९८७ साल असेल, मी अकरा वर्षांची होते. ठाण्यात आमच्या घरापासून गडकरी रंगायतन चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि नाटकाला जाणे ही आमच्या घरातली सणासारखी गोष्ट होती. तुझे आजोबा, म्हणजे नाना, स्वतः जाऊन तिकिटे काढायचे. खिडकीतला माणूस खुर्च्यांचा छापील तक्ता पुढे सरकवायचा, त्याला सगळे ‘प्लॅन’ म्हणत. नाना मान वाकडी करून त्यावरच्या मोकळ्या चौकोनांत आमच्या तीन जागा शोधायचे. आठव्या रांगेच्या पुढे बसायचे नाही, कारण तिकीट महाग, आणि पंधराव्या रांगेच्या मागे बसायचे नाही, कारण नटांचे डोळे दिसत नाहीत, असा त्यांचा नियम होता. संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घालून, पहिल्या घंटेच्या आधी पोहोचून, तिसऱ्या घंटेला गप्प व्हायचे. इथल्या मंडळाच्या नाटकाला मी तुला कुजबुजू देत नाही आणि तू चिडतेस, त्याचे मूळ त्या तिसऱ्या घंटेत आहे. ते तुझ्यावर लादावे का, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

त्या दिवशी शेखर ताम्हाणे यांचे ‘सविता दामोदर परांजपे’ होते. लहान मुलीला असले नाटक दाखवू नये असे नाना म्हणत होते, पण बंड्यामामाला आत्याकडे ठेवल्यावर मला ठेवायला कुणी उरले नाही म्हणून माईने मला बरोबर घेतले. कुसुम नावाची, बरीच वर्षे आजारी असलेली एक साधी गृहिणी, आणि तिच्या देहातून बोलू लागलेली, मरून गेलेली सविता, अशा दोन्ही बायका रीमाच करत होती. कथानकातले मला तेव्हा निम्मे कळले नाही. आवाज मात्र आजही आठवतो. कुसुमच्या बारीक, थकलेल्या बोलण्यातून एकाएकी दुसरीच बाई बोलू लागली तेव्हा, आत कुणी दुसरी नटी उभी राहून बोलते आहे की काय, म्हणून मी विंगेकडे पाहिले. तिथे कुणी नव्हते. घाबरून माईचा हात धरायला गेले, तर तो तिच्या मांडीवर नव्हता. माई दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून, जवळजवळ उठून बसल्यासारखी बसली होती. माझ्या आईला मी तशी कधी पाहिली नव्हती.

परत येताना तलावपाळीवरून आम्ही तिघे चालत होतो. नाना नाटकाच्या शेवटाबद्दल काहीबाही बोलत होते. माई बराच वेळ गप्प होती आणि मग एवढेच म्हणाली, “युनियन बँकेत आहे ती. उद्या सकाळी कामावर जात असेल.”

हे वाक्य मला समजायला पुढे बरीच वर्षे लागली. रीमाने खरोखरच कित्येक वर्षे बँकेत नोकरी केली. त्या काळी मुंबईत नाटक करणारी बरीच माणसे बँकांत, विमा कंपनीत, सरकारी कचेऱ्यांत नोकरीला असत, कारण नाटकाचे पैसे ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगागणिक, मिळत आणि घरभाडे मात्र महिन्याला द्यावे लागे. बँकाबँकांच्या नाट्यस्पर्धा होत आणि त्यांतून चांगले नट पुढे येत. रीमाच्या घरात तर रंगभूमी आधीपासून होती. तिची आई मंदाकिनी भडभडे नाटकांत काम करत असे आणि ती स्वतः, तेव्हाची नयन भडभडे, लहानपणीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली होती. शाळा पुण्यात, हुजूरपागेत. म्हणजे बँकेच्या काउंटरवर बसणारी ही मुलगी हौसेखातर संध्याकाळी नाटक करत नव्हती. नाटक हे तिचे काम होते आणि बँक ही त्या कामाची सोय होती.

माईही बँकेत होती, दुसऱ्या एका बँकेत, हे तुला माहीत आहे. तीही आंतरबँक स्पर्धेत एकांकिका करत असे, हे मात्र तुला बहुधा कुणी सांगितलेले नाही. ठाण्याच्या कपाटावर जो पितळी कप आहे आणि ज्यात नाना सुटे पैसे टाकत असत, तो तिला अभिनयासाठी मिळालेला आहे. बंड्यामामा झाल्यावर तिने ते सोडले. कुणी सोडायला सांगितले नव्हते असे ती म्हणते. मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही आणि फार खोलातही जात नाही.

माई आणि नानांनी रीमाला त्याआधी ‘पुरुष’मध्ये पाहिले होते. जयवंत दळवींचे नाटक, विजया मेहतांचे दिग्दर्शन, समोर गुलाबरावाच्या भूमिकेत नाना पाटेकर. त्यात ती अंबिका होती, एका पुढाऱ्याच्या अत्याचाराला बळी पडलेली आणि शेवटी आपला न्याय आपल्याच हाताने करणारी शिक्षिका. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकांसमोर, ज्यांत निम्मी माणसे आपल्या मुलींना घेऊन आलेली असतील, अशी बाई रोज संध्याकाळी उभी करायची ही काय ताकद असेल, याचा विचार कर. त्याच सुमारास ती जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये होती, श्याम बेनेगल यांच्या ‘कलयुग’मध्ये होती. ‘झाले मोकळे आकाश’, ‘घर तिघांचं हवं’, ‘बुलंद’ ही आणखी नाटके झाली. या बाईला तेवढेच येत होते का, याचे उत्तर इथे आहे. पण ती अंबिका आणि ती सविता तुझ्यासमोर लावून दाखवता येईल असे माझ्याजवळ काही नाही. ‘सविता’वर २०१८ साली चित्रपट निघाला खरा, पण तोवर रीमा राहिली नव्हती. नाटक प्रयोगाबरोबर संपते. ते पाहिलेली माणसे राहतात, आणि त्यांचे ऐकून घेणाऱ्याला त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो. तू तो ठेवावास असा माझा आग्रह नाही. मला तसे वाटते, एवढेच.

‘मैंने प्यार किया’ आम्ही १९९० च्या जानेवारीत पाहिला. सगळे थिएटर गाण्यांवर डोलत होते आणि मी तीन तास रीमाचा आवाज बदलण्याची वाट पाहत होते. कुठल्या तरी प्रसंगात ती सवितासारखी मान उचलेल आणि सगळे चूप होतील, असे मला वाटत राहिले. तसे झाले नाही. बाहेर आल्यावर माई म्हणाली, “हिच्यापाशी एवढं आहे आणि हिला दिलं एवढंसं.” तेव्हा चिऊ, तुझा प्रश्न नवा नाही. तुझ्या आजीने तो तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी, भर रस्त्यात, जवळजवळ रडवेल्या आवाजात विचारला होता. मला तो त्या रात्री झोंबला तो याचमुळे असावा.

तरीही मला रीमाची बाजू मांडायची आहे. तिच्या आधीची हिंदी सिनेमातली आई आठव, म्हणजे तू पाहिली असशील तर. पांढरे पातळ, शिवणयंत्र, खोकला आणि देवासमोरचा हंबरडा. रीमाची आई मुलाशी मैत्रिणीसारखी हसते, त्याच्या मनातले त्याच्याआधी ओळखते आणि नवऱ्याच्या चुकीपुढे गप्प बसली तरी ती चूक तिला दिसते आहे हे आपल्याला दिसते. हे संवादांत फारसे लिहिलेले नसते, ते ती डोळ्यांतून आणत असे, आणि ते पंधराव्या रांगेच्या अलीकडे बसणाऱ्यांसाठी शिकलेले डोळे होते. महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ थोडी मोठी झालीस की आपण दोघी पाहू, तुला हवे असेल तर. त्यात शेवटी मुलाला गोळी घालणारी आईच आहे. ती शांता पाहताना मला गडकरीतली ती संध्याकाळ आठवली, कारण अंबिका आणि सविता केलेल्या बाईलाच ते एवढ्या कमी हालचालींत जमले असते.

आणि विनोद! त्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ‘तू तू मैं मैं’चे भाग आपण दोघींनी पाहिले आहेत आणि सुप्रिया पिळगांवकरबरोबरच्या त्या सासू-सुनेच्या भांडणांना तू माझ्याहून मोठ्याने हसली होतीस. ‘श्रीमान श्रीमती’मधली केशव कुलकर्णीची बायको कोकी, तीही हीच. सासू, बायको, झपाटलेली बाई, सूड घेणारी शिक्षिका हे सगळे एका गळ्यातून निघत होते.

१८ मे २०१७ च्या पहाटे ती मुंबईत गेली तेव्हा इथे १७ तारखेची संध्याकाळ होती. ५८ वर्षांची होती आणि त्या वेळीही तिची ‘नामकरण’ ही मालिका चालू होती. सुधामावशीचा निरोप आला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तू सात वर्षांची होतीस. तू विचारलेस, “कोण गेलं?” आणि मी म्हणाले, “कुणी नाही गं, एक नटी.” इतकी वर्षे झाली, पण ते उत्तर मला अजून बोचते. त्या दिवशी तुला जवळ घेऊन सवितेची गोष्ट सांगितली असती, तर शनिवारी तुझा प्रश्न कदाचित वेगळा असता.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला फारशी आवडलेली नाही. हिंदी सिनेमाने रीमाला आई करून ठेवले म्हणून मी इतकी कळवळते, पण मी स्वतः माईला त्याहून वेगळे कुठे पाहिले? ती डबा भरायची, गर्दीची लोकल पकडून बँकेत जायची, येताना भाजी आणायची. गडकरीत खुर्चीची पाठ धरून बसलेली बाई मी एकदाच पाहिली आणि विसरून गेले. आमच्याकडे आईचे फार कौतुक होते, आणि त्या कौतुकाखाली बाईचे बाकीचे सगळे झाकले जाते, असे तुला म्हणायचे असेल, तर मी वाद घालणार नाही. मात्र ‘येत नाही’ असे म्हणू नकोस. येत होते.

म्हणून काल मी माईला फोन केला आणि विचारले की तो कप मिळाला त्या एकांकिकेत तू कोण होतीस. आधी म्हणाली, आता कुठे आठवतंय. मग म्हणाली, एक डॉक्टरीण होते, आपल्या हातून पेशंट गेलेली. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटले लाइन तुटली. आणि एकदम, जो आवाज मी जन्मात तिच्या तोंडून ऐकला नव्हता अशा खालच्या, थंड आवाजात तिने त्या डॉक्टरणीची चार वाक्ये म्हटली. वयाच्या ७५ व्या वर्षी, एकही शब्द न अडखळता. आणि लगेच विचारले, “तुमच्याकडे किती वाजले? चिऊ जेवली का?”

ती चार वाक्ये मी इथे लिहून ठेवणार होते, पण कागदावर उतरवल्यावर ती साधीच दिसू लागली, म्हणून खोडली. रविवारी सकाळी तुझा वेळ असेल तर तिला फोन लाव आणि डॉक्टरीण करून दाखव म्हणावे. नाही म्हणेल. दुसऱ्यांदा सांग.

तुझी,
आई