आभासी जगात टिपलेल्या चित्राला छायाचित्र म्हणावे का?

सेकंड लाइफ या इंटरनेटवरील त्रिमितीय आभासी जगात टिपलेल्या चित्रांना छायाचित्रण म्हणता येईल का आणि जळगावात बसून तेथील कलासमूहात शिरता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्हींचे उत्तर होकारार्थी आहे.

आपल्या चाळीसगावच्या केकी मूस यांनी (१९१२–१९८९) अनेक दशके घराबाहेर जवळजवळ न पडता, टेबलावर साध्यासुध्या वस्तूंची मांडणी करून, त्यांतून बर्फाळ रात्रींसारखी अख्खी निसर्गदृश्ये उभी केली, आणि त्यांना छायाचित्रकार म्हणताना कोणी अडखळत नाही. २००३ साली सुरू झालेल्या सेकंड लाइफमध्येही छायाचित्रकार जवळपास हेच करतो: सूर्याची उंची, धुक्याची दाटी व ढगांचा रंग स्वतः ठरवतो, दृश्यात दिवे ठेवतो, पात्राची, म्हणजे पडद्यावरील आभासी व्यक्तीची, ठेवण जुळवतो आणि मग चौकट निवडतो. येथे भिंग नसते. क्षेत्रखोलीही, म्हणजे दृश्याचा किती भाग सुस्पष्ट दिसावा हेही, गणिताने साधलेली असते. नजर मात्र उसनी मिळत नाही. (काही जण नंतर संगणकावर इतके रंगकाम करतात, की त्याला मी चित्रकलाच म्हणेन.)

खाते विनामूल्य असून टिपलेले चित्र स्वतःच्या संगणकावर उतरवण्यास शुल्क पडत नाही; चांगले ग्राफिक्स कार्ड मात्र हवे, कारण सावल्या चालू करताच साधा लॅपटॉप खानदेशी उन्हाळ्यात हमखास तापतो. प्रथम तेथील कलादालने हिंडून पाहावीत आणि दुसऱ्याचे पात्र ठळक दिसत असल्यास चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी.