भाकरीच्या कडा

प्रश्न : आई ७८ वर्षांची. वडील गेल्यावर स्वतःच्या मर्जीनं लातूरजवळच्या वृद्धाश्रमात राहायला गेली. पाच महिन्यांपूर्वी ५२ किलो होती, आता ४६. पाटल्या हातातून निसटतात. तिथले म्हणतात, जेवण वेळेवर देतो, वय झालं की माणूस वाळतंच. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. काय करू?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, ‘वय झालं की वाळतंच’ हे मला मुळीच मान्य नाही. सहा महिन्यांत पाच टक्के वजन उतरलं तरी आम्ही धोका धरतो. आईचं अकरा टक्क्यांच्या वर गेलंय.

मी महिन्यातून एकदा एका वृद्धाश्रमात तपासायला जातो. तिथं आधी खरकट्याची बादली बघतो. (स्वयंपाकीणबाई अजून माझ्यावर रागावतात.) पहिल्या दिवशी बादलीत ज्वारीच्या भाकरीच्या कडाच कडा होत्या. एका आजीची कवळी सैल झालेली. मधला मऊ पापुद्रा तेवढा खायच्या. म्हणाल्या, “कुस्करून द्या म्हणायची लाज वाटती बाबा. सुनेला कधी सांगितलं न्हाई, इथं कुणाला सांगू?” ताटात वाढलेलं पोटात गेलं का, हे तिथं कुणी बघतच नव्हतं.

म्हणून एक दिवस आईच्या शेजारी बसून तिचं पूर्ण जेवण बघा. माणूस वाळला की हिरड्याही आटतात, कवळी आणखी सैल होते. घास घेताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. मेटफॉर्मिननं काहींची भूक मरते, बरीच वर्षं घेतली तर बी-१२ जीवनसत्त्वही कमी होऊ शकतं. पण गोळी स्वतःहून बंद करू नका. शुगर, थायरॉईड, बी-१२ तपासा, आणि टीबीचीही तपासणी करून घ्या. वडील गेल्यापासून मन उदास आहे का, तेही विचारा.

तिला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून. वरणाचं नुसतं पाणी नको, घट्ट वरण, त्यात कुस्करलेली भाकरी. चालत असेल तर अंडं. शुगरच्या धाकानं दूध तोडलं असेल तर बिनसाखरेचं पुन्हा सुरू करा, तेही रात्री झोपताना, कारण संध्याकाळी सातला जेवून सकाळी आठपर्यंत पोट रिकामं राहतं. शेंगदाणे चावत नसतील तर कूट भाजीत घाला. पुढच्या खेपेला जाताना डबाभर कूट आणि वजनकाटा घेऊन जा.