मेडल मिळवणारा बोका

प्रश्न : लायका कुत्री सगळ्यांना माहितीये, पण इतिहासात एखादं मांजर फेमस झालंय का हो?

उत्तर : झालंय की! फ्रान्सने 18 ऑक्टोबर 1963 ला फेलिसेट नावाची मांजर रॉकेटमधून अंतराळात पाठवली, ती जिवंत परतलीसुद्धा, पण पुढे मेंदू तपासायचा म्हणून शास्त्रज्ञांनीच तिला मारलं, हे काय मला पटत नाही. माझा फेवरेट मात्र सायमन, ब्रिटिश युद्धनौका अ‍ॅमेथिस्टवरचा बोका. 1949 मध्ये चीनच्या यांगत्से नदीत जहाजावर तोफगोळे पडले, हा चांगलाच जखमी झाला, तरी बरा होऊन परत उंदरांच्या मागे, कारण जहाज अडकलेलं आणि उंदीर धान्य फस्त करत होते. इंग्लंडला पोचल्यावर क्वारंटाइनमध्येच जीव गेला बिचाऱ्याचा. प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन मेडल मिळालेला तो एकमेव बोका.