पिच कोण देतंय ते आधी बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो नीट बघितले. एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) प्लेटमध्ये एम६ चा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोकात आटे पाडणारा टॅप तुटला आणि तुझा संशय मिलिंग मशीनच्या स्पिंडलवर, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या आसावर आहे. स्पिंडलवर आळ घेऊ नकोस. त्याच पाकिटातला दुसरा टॅप तू फोटोत शेजारी ठेवला आहेस, त्याचं टोक भिंगातून बघ. खाचा सरळ आहेत, पण टोकापाशी तिरप्या घासलेल्या आहेत. हा गन टॅप. तो कापलेल्या धातूचा कीस पुढे ढकलतो, म्हणून आरपार भोकात सुरेख चालतो. तुझं भोक ब्लाइंड होतं, म्हणजे आरपार न जाणारं. कीस तळाशी ठासून बसला, टॅपला पुढे जायला जागा उरली नाही आणि तू दांडा फिरवत राहिलास. ब्लाइंड होलला स्पायरल खाचांचा टॅप घे, तो कीस वर काढतो. नाहीतर तीन टॅपांचा हँड सेट वापर. काही सेटमध्ये शँकवर (धरायच्या बाजूवर) एक रेघ असलेला पहिला, दोन रेघांचा दुसरा आणि बिनरेघेचा शेवटचा असतो. त्यातल्या पहिल्या दोघांचा व्यास मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यामुळे एकट्या पहिल्यावर काम उरकलं असं समजू नकोस.

आता मुख्य गोष्ट. आटे पाडताना दर वेळी स्वतःला विचार, इथे पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर, कोण देतंय? लेथवर हत्यार सरकवणारा लांब स्क्रू, म्हणजे लीडस्क्रू देतो. मिलिंगवर टॅप मारताना मात्र टॅप स्वतःच देतो. एम६ ला एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर, त्यात मशीनला मत नाही. मशीनने टॅप सरळ धरायचा, बस. पण तुझ्या क्विलची (स्पिंडल खालीवर नेणाऱ्या नळीची) स्प्रिंग सतत वर ओढत असते, म्हणजे टॅप खाली निघालेला आणि स्प्रिंग त्याला मागे खेचणारी. सुरुवातीचे दोन-तीन आटे अशानेच खरवडले जातात, भोकाचं तोंड फाकतं आणि आपण म्हणतो टॅप धरत नाही. मोटरची पिन काढ, टॅप चकमध्ये धर, एका हाताने चक फिरव आणि दुसऱ्या हाताने क्विलचा दांडा फक्त स्प्रिंगचा ताण मारण्यापुरता खाली धर. दाबायचं नाही. टॅपने चावा घेतला की दांडा आपोआप हाताखालून सरकू लागतो. ती जाणीव एकदा बोटांना झाली की मग मोटरवर टॅपिंगचा विचार कर, तोही खालीवर खेळणारा टॅप होल्डर आणल्यावर.

मिलिंगचा खरा फायदा ड्रिल मारून झाल्यावर मिळतो. टेबल जागचं हलवू नकोस, व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) सोडू नकोस, फक्त ड्रिल काढ आणि टॅप लाव. भोक आणि टॅप एकाच रेषेत येतात, गुण्या लावत बसावं लागत नाही. पाच भोकं असतील तर प्रत्येकाचं ड्रिल आणि टॅप तिथल्या तिथे पुरं कर. सगळी ड्रिल आधी मारून मग टेबल परत आणायचंच असेल, तर प्रत्येक जागेवर एकाच दिशेने ये, नाहीतर स्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, तुला फसवेल.

ड्रिलचा हिशोब तुला येतो, व्यासातून पिच वजा. एम६ ला ५. पण एमएसमध्ये मी ५.१ घेतो. ६एच या अचूकतेच्या वर्गात आतला व्यास ४.९१७ ते ५.१५३ चालतो, म्हणजे ५.१ नियमात बसतं आणि टॅपवरचा जोर जाणवण्याइतका उतरतो. फक्त ड्रिल नीट धार लावलेलं हवं, कारण वाकड्या धारेचं ड्रिल मोठं भोक पाडतं. ब्लाइंड होल आट्यांपेक्षा चार-पाच पिच जास्त खोल ठेव. एमएसला कटिंग ऑइल, अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल. बीड (ओतीव लोखंड) आणि पितळ कोरडं चालतं.

तुटलेल्या टॅपचं काय? जॉब अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पितळेचा असता तर तुरटीच्या गरम पाण्यात ठेवून टॅप हळूहळू विरघळवता आला असता. तुझी प्लेट लोखंडी, ती पण खाल्ली जाईल. विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्क मशीनवाल्याकडे ने किंवा नवी प्लेट काप. टॅपवर ड्रिल मारायला जाऊ नकोस.

मशीनला स्टेपर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने मोजून फिरणाऱ्या मोटर बसवतोयस हे वाचून फार आनंद झाला. मग थ्रेड मिलिंग, म्हणजे फिरता कटर भोकात गोल नेत आटे कापणं, करता येईल आणि पिच द्यायचं काम पहिल्यांदाच तुझ्या मशीनकडे येईल. समज, एम२० x १.५ चे आतले आटे. भोक १८.५, कटर १२ चा, म्हणजे कटरच्या मध्याने ४ त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि दर वर्तुळाला झेड, म्हणजे उभा अक्ष, १.५ सरकवायचा. पुस्तकी रीत आहे तळातून वर, जी०३ ने (घड्याळाच्या उलट दिशेने गोल जायची आज्ञा). उजवे आटे, क्लाइंब कट (कटरचा दात कापतो त्याच दिशेने जॉब सरकतो), फिनिश छान येतं. पण तुझे स्क्रू साधे आहेत, गोळ्यांवर चालणारे, ढिलेपणा जवळजवळ नसलेले बॉल स्क्रू नाहीत. क्लाइंब कटमध्ये कटर टेबलाला ओढून घेईल आणि बॅकलॅश आट्यांत उतरेल. तू वरून खाली जी०२ ने (घड्याळाच्या दिशेने) ये. फिनिश थोडं कमी येईल, माप हाती राहील.

एकाच दाताचा ६० अंशी कटर घे, त्याने बरेच पिच निघतात. नळाच्या बीएसपी आट्यांना तो चालणार नाही, तो कोन ५५ चा. आणि कटरचं टोक अगदी बारीक असेल तर हिशोबाच्या ४ त्रिज्येवर आटा घट्टच राहतो. ०.०५ ने वाढवत जा आणि प्रत्येक वेळी बोल्ट लावून बघ. जॉब तोवर व्हाइसमधून सोडू नकोस, पुन्हा आट्यांवर नेमकं येणं फार कठीण.

पहिली प्लेट नायलॉनची घे. आटे पडले की मधून उभी कापून त्याचा फोटो पाठव, मला तळाचे दोन आटे बघायचे आहेत.

तुझा,
काका