पर्थहून चार दिवसांची रानफुलांची सहल, आणि घरामागचे ते आठ खड्डे

प्रश्न: "आम्ही पर्थला नवीन आहोत. सप्टेंबरात सासू-सासरे साताऱ्याहून येणार आहेत. स्वतः गाडी चालवत चार दिवसांत रानफुलं आणि राखीव रानं बघायची, परत येताना नर्सऱ्यांतून इथली झाडं घ्यायची असा बेत आहे. घरामागे नुसती वाळू आहे, म्हणून शेणखत आणि हाडांचा चुरा घालून आठ खड्डे तयार ठेवलेत. कुठून कसं जावं?"

रस्त्याचं पुढे सांगतो. आधी ते खड्डे रिकामे करा. खत घातलेली माती काढून टोमॅटोला, कढीपत्त्याला, लिंबाला घाला, तिथे तिचं सोनं होईल. खड्ड्यात साधी, मूळचीच वाळू परत भरा. बँक्सिया, हाकिया, ग्रेव्हिलिया या इथल्या रानझाडांना तुम्ही चक्क विष कालवून ठेवलंय.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या मागच्या अंगणात दोन फायरवुड बँक्सिया एकाच दिवशी, सारख्याच कुंड्यांतून लावल्या होत्या. एका खड्ड्यात दोन घमेली शेणखत आणि दोन मुठी हाडांचा चुरा. दुसऱ्याच्या वेळी खत संपलं होतं, म्हणून ती नुसत्या वाळूत. सहा आठवड्यांत खताच्या झाडाच्या खालच्या पानांच्या कडा करपल्या, शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. ही लक्षणं पाहून कुणीही म्हणेल, उपाशी आहे, अजून घाला. मी घातलं. जानेवारीत झाड गेलं. उपटलं तेव्हा मुळं कुंडीच्या आकाराचीच होती, बोटभरही बाहेर सरकली नव्हती. वाळूतलं झाड आज माझ्या डोक्यावर गेलंय.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे कुणी कितीही आग्रह केला तरी हात आवरेल. इथला खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. आपलं दख्खनचं काळं पठार साडेसहा कोटी वर्षांचं, म्हणजे त्यापुढे पोरच. इतक्या काळात इथल्या मातीतलं फॉस्फरस पावसाने धुऊन नेलंय. बँक्सियाच्या कुळातल्या झाडांनी त्यावर उपाय काढला तो मुळांचा: वरच्या थरात, पालापाचोळ्याखाली, बारीक मुळ्यांचे दाट गुच्छ. बोटाने पाचोळा सारला तर बाटली धुवायच्या ब्रशसारखे दिसतात, वाळूचे कण त्यांना घट्ट चिकटलेले असतात. हे गुच्छ आम्ल सोडतात आणि मातीला धरून बसलेलं फॉस्फरस सोडवून घेतात. मिळेल तेवढं ओढायचं एवढंच या कुळातल्या बहुतेक झाडांना ठाऊक, थांबायचं कसं ते त्यांना येत नाही. समोर हाडांचा चुरा आला की पानांत फॉस्फरस साठत जातं आणि पान आतून जळतं.

माझ्या भावाची नाशिकला द्राक्षबाग आहे. त्याचं म्हणणं, जमिनीला दिल्याशिवाय जमीन देत नाही. त्याच्या बागेपुरता तो बरोबर आहे, पण हाच नियम फोनवरून पर्थला लावतो आणि मेलेल्या झाडाचा दोष "तुमच्या त्या नाजूक परदेशी जातीं"वर टाकतो. नाजूक? जी झाडं सहा महिने जेमतेम पाऊस असताना निव्वळ वाळूत उभी राहतात, वणव्यातून जातात आणि काहींची बोंडं त्या वणव्यानंतरच उघडून बी सोडतात, ती नाजूक कशी?

आता रस्ता. तारीख तुम्ही दिली नाहीत, आणि इथे सगळं तारखेवर ठरतं. फुलोरा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो: ऑगस्टात मुलेवा-मोरावा, सप्टेंबरात पर्थभोवती, ऑक्टोबरात स्टर्लिंग रेंज आणि ऑल्बनी. पाहुणे दहा सप्टेंबरच्या आत येणार असतील तर वर जा. वीस तारखेनंतर येणार असतील तर मुलेवा सोडून द्या. दोनचार दिवस पूर्वेचा गरम वारा सुटला की फुलांचे गालिचे वाळून जातात.

लवकरच्या तारखांसाठी असा फेरा. पहिल्या दिवशी ग्रेट नॉर्दर्न हायवेने न्यू नॉर्शा, डालवालिनू, वुबिन करत पेरेनजोरी, साधारण साडेतीनशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी मोरावा, कॅना, मुलेवा आणि तिथून पूर्वेला पिंडार. तिसऱ्या दिवशी कोलसीम कॉन्झर्वेशन पार्क, मिंगेन्यू, डोंगारा आणि मुक्काम जुरियन बे. चौथ्या दिवशी सकाळी लेस्यूर नॅशनल पार्क, दुपारनंतर पर्थ. मुलेवात राहायच्या जागा मोजक्याच. मिळाली नाही तर जेराल्डटन, पण ते शंभर किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे गाडी चालवणं वाढतं.

एव्हरलास्टिंगची गुलाबी-पांढरी-पिवळी शेतं पहाटे बघायला जाऊ नका. ती कागदी फुलं ऊन चढल्यावर उघडतात, थंडीत आणि ढगाळ हवेत मिटून बसतात. सकाळी दहा ते दुपारी तीन हीच वेळ. सन ऑर्किडचंही तसंच, ऊन नसेल तर कळीच दिसेल. म्हणून प्रवास सकाळी उरका आणि भरदुपारी गाडी थांबवा. एकदा उतरलात की दहा पावलांच्या आतच बघा. बहुतेक ऑर्किड वीतभर-हातभरच उंचीची असतात, चालत्या गाडीतून एकही दिसत नाही. काउस्लिप ऑर्किड पिवळं, डाँकी ऑर्किडला वर दोन कान, स्पायडर ऑर्किडच्या पाकळ्या दोऱ्यासारख्या लोंबत्या. एवढी तीन ओळखता आली तरी म्हाताऱ्या माणसांचा दिवस छान जातो.

पिंडारला रीथ फ्लॉवर असतं. जमिनीवर थाळ्याएवढं हिरवं वर्तुळ आणि त्याच्या कडेनेच लाल-पिवळसर फुलांचं कडं, आपोआप गुंफलेल्या वेणीसारखं. ते येतं उकरलेल्या मुरमात, रस्त्याच्या कडेलाच. त्यामुळे गाडी कडेला घेताना चाक कुठे पडतंय ते आधी उतरून बघा. फोटो काढायला आलेल्यांच्याच चाकांखाली ती चिरडतात.

साताऱ्याच्या माणसांना लेस्यूर मात्र नक्की दाखवा. "कासला काय कमी आहे?" असं ते विचारणारच, आणि रास्तच आहे. लेस्यूरचा डोंगर वरून सपाट आहे, माथ्यावर जांभा. त्यांना तो दगड ओळखीचा वाटेल. कासला जांभ्यावरच्या पातळ मातीत पावसाळ्यापुरती तेरडा, गेंद, सीतेची आसवं येतात आणि जातात. इथे त्याच जातीच्या दगडावर गुडघाभर झुडपं बारा महिने उभी असतात. या झुडपी रानाला इथल्या मूळ रहिवाशांचा, नूंगार लोकांचा, शब्द आहे क्वाँगन. लेस्यूरमध्ये नऊशेहून जास्त जातींची झाडं आहेत. स्मोकबुशचं राखाडी धुकं, निळा लेशेनॉल्टिया, वर्टिकॉर्डियाची पिसांसारखी फुलं, नशीब असेल तर काळा कांगारू पॉ. साडेअठरा किलोमीटरचा एकेरी डांबरी रस्ता आतून फिरतो, जागोजागी थांबायला जागा, त्यामुळे गुडघे दुखत असले तरी अडत नाही. प्रवेशाचे पैसे माणशी नाहीत, गाडीमागे आहेत. पाऊस कमी झाला तर मुलेवाचे गालिचे उमटत नाहीत, कारण ती एका हंगामाची झाडं. क्वाँगनची झुडपं मात्र तेव्हाही फुलतात. म्हणून मला विचाराल तर एकच जागा बघायची असेल तर लेस्यूर.

वीस तारखेनंतर येणार असतील तर वोंगन हिल्स, ड्रायअँड्राचं रान आणि लेस्यूर करा, आणि एक अर्धा दिवस किंग्ज पार्क. तिथली १९६५ साली खुली झालेली बोटॅनिक गार्डन फुकट आहे आणि झाडांवर पाट्या आहेत. बाहेर जाण्याआधी तिथे तासभर घालवलात तर पुढे रानात नावं आठवतात.

दोन गोष्टींत मी कुणाचंही ऐकत नाही. पहिली बुटांची. फायटॉप्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवाचा रोग चिखलातून पसरतो आणि मुळं कुजवतो. या नैऋत्य भागातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त जातींना तो होऊ शकतो, आणि एकदा मातीत शिरला की काढायचा उपाय नाही. फॉस्फाइट या औषधाच्या फवाऱ्याने फक्त वेग मंदावतो. तो मुख्यतः चारशे मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाच्या पट्ट्यात, म्हणजे लेस्यूर, पर्थचे डोंगर आणि दक्षिण. सत्तर भाग मेथिलेटेड स्पिरिट आणि तीस भाग पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरा. आधी ब्रशने तळव्यांची माती पूर्ण खरवडा, मगच फवारा. मातीच्या थरावर स्पिरिट मारून काही उपयोग नाही. हे रानात शिरताना करायचं आणि निघतानाही. बाटली उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, पेट घेते. "रस्ता बंद" पाटी दिसली तर मागे फिरा, पुढे गाडीचे ठसे दिसत असले तरी.

दुसरी फुलं तोडण्याची. गणपती याच दिवसांत येतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. रस्त्याच्या कडेचं फूलही परवान्याशिवाय तोडणं इथे गुन्हा आहे, बी गोळा करणंही. पूजेची फुलं दुकानातून घ्या.

गाडीचं थोडक्यात. अर्धी टाकी झाली की भरा. वुबिनच्या पुढे रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक डबे जोडलेले ट्रक, पन्नास मीटरहून लांब असू शकतात. ओलांडायला समोर किमान किलोमीटरभर मोकळा रस्ता हवा, नाहीतर मागेच राहा. मुरमाड रस्त्यावर साठ-सत्तरच्या वर जाऊ नका. ब्रेक दाबून धरला की मागचं चाक सरकतं, आधीपासून वेग कमी करत आणा. छोट्या गावांत दुपारी दोननंतर जेवण मिळेलच असं नाही, डबा सोबत ठेवा. डोक्यावरून घ्यायची माशांची जाळी पर्थमध्येच घ्या. बंद बूट घाला, सप्टेंबरात साप उन्हाला येतात.

आता नर्सऱ्या, ज्यासाठी तुम्ही खड्डे खणले. सप्टेंबरात झाडं घेऊन लावू नका, हे माझं ठाम मत. समोर पर्थचा उन्हाळा असतो आणि मुळं पसरायला दोन महिनेही मिळत नाहीत. फुललेलं झाड बघून मोह होतो, नर्सऱ्याही तेव्हाच भरलेल्या असतात. या फेरीत फक्त बघा, नावं लिहून घ्या. माइडा व्हेलची झँथोरिया आणि नॉर्थ फ्रीमँटलची एपेस, दोन्ही शहरातच आहेत. एप्रिल-मेमध्ये पहिला चांगला पाऊस पडला की पुन्हा जा आणि ट्यूबस्टॉक घ्या, म्हणजे बोटभर रुंद, लांबट नळीतली रोपं. मोठ्या कुंडीतलं महाग झाड दोन वर्षांत त्याच्या मागे पडतं. भोकातून मुळ्या बाहेर आलेलं रोप घेऊ नका. कुंड्या थेट जमिनीवर ठेवलेल्या असतील तर घेऊ नका, टेबलावरच्या किंवा खडीवरच्या घ्या. तुमच्या भागातली वाळू राखाडी की पिवळी, समुद्रापासून किती लांब, हे सांगून त्या मातीतलीच जात मागा. किनाऱ्याजवळची माती चुनखडीची असते, तिथे सगळ्या बँक्सिया तगत नाहीत.

खड्डा नळीएवढाच खोल, रुंदीला दुप्पट. कोरडी वाळू मेणचट होते, पाणी वरून थेंबाथेंबाने घरंगळून जातं. म्हणून वेटिंग एजंट (वाळूत पाणी मुरायला मदत करणारं द्रावण) मिसळलेलं पाणी खड्ड्यात दोनदा भरून जिरू द्या, मग लावा. मुळं सुटी करू नका. भोवती आळं आणि दोन इंच जाड लाकडी भुशाचं आच्छादन, खोडापासून वीतभर दूर. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाच लिटर, झारीने, एकाच जागी सावकाश. रोज थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात. खत द्यायचंच असेल तर नेटिव्हसाठीचं, पिशवीवर फॉस्फरस दोन टक्क्यांच्या आत लिहिलेलं, इथल्या शरद ऋतूत (मार्च ते मे) एकदा चिमूटभर. कपडे धुतल्याचं पाणी झाडांना घालायची सवय असेल तर पावडरीच्या खोक्यावर "एनपी" शिक्का बघा, त्यात फॉस्फरस नसतं. लॉनला खत टाकताना झाडाच्या घेरापासून दोन मीटर लांब राहा, गुच्छमुळं तिथवर पोचलेली असतात.

भावाने पुढच्या फोनवर विचारलं तर हा परिच्छेद वाचून दाखवणार आहे.

राहिलेल्या दोन गोष्टी. सासू-सासऱ्यांना परत नेण्यासाठी रोप किंवा बी घेऊन देऊ नका. भारतात आयातीचा परवाना आणि इथलं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विमानतळावर जप्त होतं. आणि गाडी भाड्याची असेल तर करार वाचा: मुरमाड रस्त्यावर विमा चालत नाही, शहराबाहेर अंधारात चालवायला मनाई, ही दोन कलमं इथे बऱ्याच करारांत असतात. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात म्हणून ते कलम आहे. तसा करार असेल तर कोलसीम आणि पिंडारच्या वाटेवर डांबर कुठे संपतं ते आधी विचारून घ्या. रीथ फ्लॉवरची जागा दर वर्षी बदलते, तेव्हा पेरेनजोरीहून निघायच्या आदल्या दिवशी मुलेवाच्या माहिती केंद्राला फोन करा. नेमकी कुठल्या रस्त्यावर आहेत ते तिथे सांगतात.